सावकाश सांगितलेलं निवेदन

"ही तुमचीच ना, फ्राउ सबनीस?"

केतकीच्या वर्गशिक्षिका फ्राउ केलर यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. कागद उलगडायची गरजच नव्हती. आत चांदीची वाटी होती. केतकीच्या उष्टावणाला माझ्या आईनं मिरजेहून आणलेली, काठावर बारीक वेल असलेली. चारच दिवसांपूर्वी मी ती खोक्यात घालून, लाल कागदात बांधून, वर सोनेरी दोरा लावून त्यांच्या हातात दिली होती.

"मला वाटलं चॉकलेटं असतील," त्या म्हणाल्या. "म्हणून शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर उघडली. आम्ही सरकारी नोकर. असं काही घेणं आम्हाला चालत नाही. त्यातून शिफारशी लिहायचे दिवस."

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी आतल्या बंद दाराकडे पाहिलं. "हेर हार्टरना याची कल्पना आहे?"

"नाही."

"मग मी आत जात नाही. तुम्हीच त्यांना सांगा. शिफारस मी माझ्या पद्धतीनंच लिहीन, त्याची काळजी नको." हातमोजे चढवून त्या निघून गेल्या. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती.

हे १९९३ सालच्या फेब्रुवारीतलं. दक्षिण जर्मनीतलं होरबाख नावाचं आमचं गाव, चहूबाजूंनी द्राक्षांचे उतार, मधे एक चर्च आणि एक पंपांचा कारखाना. माझे यजमान दिवाकर त्या कारखान्यात इंजिनियर. मी पुण्यात जर्मन शिकलेली, म्हणून मला गावचे आमदार हेर, म्हणजे श्रीयुत, हार्टर यांच्या ऑफिसात टायपिंगचं आणि पत्रव्यवहाराचं काम मिळालं होतं. तीन वर्षं झाली होती.

आमदार म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं ते मला सांगायला नको. आमचे आमदार सायकलवरून यायचे. ऑफिस एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. त्या भागात झाडलोटीचे आठवडे वाटून घ्यायची रीत आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना त्यानं झाडायचा. पाटी आमच्या दारावर आली की लुडविग हार्टर कोट काढून, बाह्या सरसावून, तीन मजल्यांचा जिना स्वतः झाडायचे. पहिल्या वेळी मी लाजून झाडू घ्यायला धावले, तर म्हणाले, "तुम्ही टाइप करा. झाडू मारायला मला मतं मिळालेली आहेत."

मूळचे ते मास्तर. वडील युद्धातून परत आले नाहीत, आई दुसऱ्यांच्या द्राक्षमळ्यांत राबायची. दहा वर्षांचे असताना त्यांच्या शिक्षकानं शेरा मारला होता, 'हात चांगले, डोकं बेताचं.' झालं, पोरगं सुताराकडे गेलं. दिवसभर रंधा आणि संध्याकाळी शाळा असं करत सव्विसाव्या वर्षी ते शिक्षक झाले. मग होरबाखच्या प्राथमिक शाळेत पंधरा वर्षं रेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक. तिथून नगरपरिषद, आणि नंतर प्रांताच्या विधानसभेत दोन वेळा. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली पाढे शिकलेलं, त्यामुळे आमदार होऊन आठ वर्षं झाली तरी लोक त्यांना 'हेर रेक्टर' अशीच हाक मारायचे.

त्यांना राजकारणात एकच गोष्ट करायची होती. आमच्याकडे सटवाई सहाव्या दिवशी कपाळावर लिहून जाते, तिथे दहाव्या वर्षी लिहायची. मूल चौथीत असताना वर्गशिक्षिका एक शिफारस लिहिणार. 'गिम्नाझियुम' लिहिलं तर मुलाला पुढे विद्यापीठाचा रस्ता मोकळा. 'हाउप्टशूल' लिहिलं तर नववीनंतर कुठेतरी हाताचं काम. मधली एक पायरीही होती, पण आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या परदेशी लोकांना ती दिसत नसे. आणि शिफारस बांधील, तिच्यापुढे आईबापांचं काही चालायचं नाही. हार्टरनी विधेयक मांडलं होतं. मुलं सहावीपर्यंत एकत्र शिकावीत आणि नंतर कुठे जायचं ते घरच्यांनी ठरवावं. आठ वर्षं खपून त्यांनी बहुमत जमवत आणलं होतं. मार्चच्या शेवटी मतदान होतं, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांपासून कायदा लागू होणार होता.

आमची केतकी त्याच वर्षी चौथीत होती, म्हणजे जुन्याच नियमात सापडलेली. गणितात हुशार, जर्मन निबंधात मात्र काठावर. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी तिची मैत्रीण सेविम, एका तुर्की गवंड्याची मुलगी, एक वर्ष मागे होती. तिला नवा नियम मिळणार होता. "सेविमचं नशीब बघा," मी दिवाकरना म्हणायचे.

"अगं, होईल केतकीचं पण. पोरगी चांगली आहे," ते म्हणायचे.

"चांगली आहे हो. पण तिथे शितावरून भाताची परीक्षा करतात."

तर त्या दिवशी फ्राउ केलर गेल्या आणि आतलं दार उघडलं. हार्टर चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले आणि टेबलावरची वाटी पाहून थांबले. "किती सुरेख काम आहे! कुठली ही?"

त्या क्षणी मी खरं बोलू शकले असते. त्यांचा स्वभाव मला माहीत होता. ओरडले असते, दोन दिवस तुटक वागले असते, आणि विषय संपला असता. पण माझ्या पाचावर धारण बसली होती आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आमच्याकडे गुरुपौर्णिमा असते," मी म्हणाले. "वर्षातून एक दिवस. त्या दिवशी आपल्या गुरूला, मुलांच्या शिक्षकांना नमस्कार करायचा, यथाशक्ती काही द्यायचं. गुरूकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. ती नुकतीच झाली. म्हणून मी फ्राउ केलरना ही दिली होती. त्यांना चालत नाही म्हणून परत घेऊन आल्या."

हार्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो जसाच्या तसा आठवतो. "शिक्षकाला नमस्कार करायचा एक दिवस," ते म्हणाले. "अख्खा देश करतो?"

"हो."

"आणि आमच्याकडे शिक्षकाच्या नावानं फक्त तक्रारी येतात." मग एकदम गंभीर झाले. "पण नियम तुम्हाला सांगायला हवे होते, ते मी सांगितले नाहीत. चूक माझी." त्यांनी वाटी दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिली. मी ती पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळी घरी कपाटात साड्यांच्या खाली सारली.

झाकली मूठ तशीच राहिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. पण वाटी सगळ्यांसमोर उघडली गेली होती. पंधरा दिवसांत गावात बोभाटा झाला: हार्टरच्या ऑफिसातल्या बाईनं शाळेत चांदी पाठवली. पुढच्या आठवड्यात त्याचं झालं, हार्टरनी पाठवली. शिफारशी बंद करा म्हणून राजधानीत भाषणं ठोकणारा माणूस आपल्या माणसांसाठी स्वतःच्या जुन्या शाळेत वशिला लावतो. विधेयकाच्या विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं.

हार्टर डगमगले नाहीत. मतदानाच्या आधी दहा दिवस टाऊन हॉलमध्ये त्यांची सभा होती. मला म्हणाले, "तुम्ही या. पुढेच बसा. लपण्यासारखं आपण काही केलेलं नाही."

मी गेले, तिसऱ्या रांगेत बसले. सभा रंगात आली असताना मागून एक द्राक्षमळेवाला उठला. "हेर रेक्टर, त्या चांदीच्या वाटीचं काय?"

हार्टर व्यासपीठाच्या कडेपर्यंत आले.

"सांगतो. भारतात वर्षातून एक दिवस असतो. त्या दिवशी प्रत्येक माणूस, मग तो कितीही मोठा असो, आपल्या शिक्षकापुढे वाकतो. काही ना काही घेऊन जातो, कारण गुरूकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. फ्राउ सबनीस यांनी एवढंच केलं. आपल्या मुलीच्या शिक्षिकेला त्यांनी मान दिला. आपल्या नियमात ते बसत नाही, म्हणून वस्तू परत आली. पण मान परत करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हे खरं नसेल तर तुमच्यासमोर उभं राहायचा मला अधिकार नाही."

मग एका म्हातारीनं टाळी वाजवली आणि अख्ख्या हॉलनं तिची टाळी उचलली. लोक माझ्याकडे वळून वळून बघत होते, हसत होते. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. "किती सुंदर पद्धत आहे तुमची!" ती म्हणाली. मी मान हलवली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि तरीही मी हसत होते. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. माझ्याऐवजी रेटत ते होते, आणि त्यांना ते खोटं आहे हे माहीतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर होता, फोग्ट नावाचा. आवाज गोड.

"फ्राउ सबनीस ना? एक छोटीशी शंका होती. तुमच्या सणावर छानसा लेख लिहावा म्हणून मी विद्यापीठातल्या भारतविद्येच्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणतात, तो सण जुलैमध्ये असतो. फेब्रुवारीत नाही. तुमच्याकडे वेगळं काही असतं का?"

तुमच्या हे केव्हाच लक्षात आलं असणार. गुरुपौर्णिमा आषाढात येते, माघात नव्हे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. होरबाखमध्ये कुणाच्या घरी कालनिर्णय नव्हतं, एवढाच माझा आधार होता.

आणि आता लपवण्यात अर्थ नाही, तर सगळंच सांगते. त्या दिवशी फ्राउ केलरना मी मान द्यायला गेलेच नव्हते. मी गेले होते केतकीची शिफारस पदरात पाडून घ्यायला. जेवणाच्या सुट्टीत गेले, तेही काखेत ऑफिसची फाईल घेऊन, तिच्यावर विधानसभेचं चिन्ह होतं म्हणून. ते वरच्या बाजूला दिसेल अशी धरली होती. खोकं त्यांच्या हातात देताना म्हणाले होते, "हेर हार्टरना आमच्या केतकीचं फार कौतुक आहे." हार्टरनी केतकीला जेमतेम दोनदा पाहिलं होतं. मिरजेत माझ्या भावाच्या मेडिकलच्या प्रवेशासाठी वडील असेच कुणाकुणाच्या दारी, कुणाकुणाचं नाव घेऊन गेले होते, ते मी लहानपणी पाहिलं होतं. त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. मला वाटलं होतं. तरी मी गेले, आणि पकडले गेल्यावर आपल्या सगळ्या लोकांची एक चांगली रीत मी पुढे केली आणि तिच्यामागे लपले.

"मी हेर हार्टरना विचारून सांगते," एवढंच मी फोग्टला म्हणाले आणि फोन ठेवला.

आत जाऊन निरोप सांगितला. "फोग्टचा फोन होता. तो म्हणतो, सण जुलैमध्ये असतो."

हार्टरनी माझ्याकडे पाहिलं. उठून मागच्या फळीकडे गेले. तिथे त्यांच्या हिरव्या डायऱ्या ओळीनं लावलेल्या असत. रोजचं सगळं ते पेन्सिलनं त्यांत टिपायचे, कोण भेटलं, कुठली बैठक, माझ्या रजासुद्धा. त्यांनी गेल्या वर्षीची काढली, चाळली, एका पानावर थांबले. मग ती मिटून जागेवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बराच वेळ उभे राहिले. खाली बेकरीवाली पाव उतरवून घेत होती.

"मशीन लावा, फ्राउ सबनीस," ते म्हणाले. "निवेदन द्यायचं आहे."

मी कागद चढवला.

हार्टर मजकूर सांगायचे तेव्हा माझी बोटं दमून जायची. वर्गात श्रुतलेखन घातल्यासारखे भराभर सांगत आणि मागे पडलं तर हसत. त्या दिवशी मात्र ते थांबत थांबत, एकेक वाक्य सांगून बराच वेळ गप्प राहत होते.

"सभेत मी एका भारतीय सणाची जी हकिकत सांगितली," ते म्हणाले आणि थांबले.

मी टाइप केलं.

"ती मी रचलेली होती."

माझी बोटं थबकली. मी मान वर केली. ते खिडकीपाशीच होते, पाठ माझ्याकडे.

"हेर हार्टर," मी म्हणाले.

"हं?"

ते वळले नाहीत, पण ते ऐकत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. माझ्या डोळ्यांसमोर केतकीचं दप्तर आलं, तिचा निबंध आला, आठवड्यावर आलेला तो शिफारशीचा कागद आला.

"'रचलेली'नंतर पूर्णविराम?" मी विचारलं.

जरा वेळानं ते म्हणाले, "हो. पूर्णविराम."

मग पुढचं. "फ्राउ सबनीस यांनी मला तसं काहीही सांगितलं नव्हतं. आपल्या मुलीच्या शिक्षिकेला त्यांनी एक साधी भेट दिली. इथले नियम त्यांना माहीत नव्हते आणि ते समजावून देण्याचं काम माझं होतं. अडचणीतून सुटण्यासाठी मी लोकांशी खोटं बोललो. या प्रकाराशी त्यांच्या मुलीचा काहीही संबंध नाही. विधेयक पुढे नेण्याची जबाबदारी मी आजपासून सोडत आहे, आणि या सत्राअखेर सदस्यत्वाचाही राजीनामा देत आहे."

प्रत्येक वाक्यानंतर ती तेवढीच जागा. मी दरवेळी ती बटणांच्या खडखडाटानं भरून काढली. अळीमिळी गुपचिळी.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी वाचलं. 'हकिकत मी रचली, मी लोकांशी खोटं बोललो' असं माझ्याच तोंडानं, माझ्याच आवाजात वाचलं. त्या कागदावर तेवढंच खरं होतं, आणि तेही मी वाचत होते म्हणून. एकही चूक निघाली नाही. त्यांनी सही केली, कोट घातला आणि निवेदन स्वतःच सायकलवरून घेऊन गेले. त्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर होती. परत आल्यावर त्यांनी जिना झाडला. वर येणारे लोक त्यांना वळसा घालून, न बोलता जात होते.

विधेयक बारा मतांनी पडलं. दुसऱ्याच दिवशी केतकीचा कागद आला: गिम्नाझियुम. दिवाकरनी उचलून तिला गरकन फिरवलं. मी दुधाच्या पावडरचे पेढे केले, सगळ्या इमारतीत वाटले, खाली सेविमकडेही दिले. सेविमच्या आईनं पेढा तोंडात टाकला आणि केतकीच्या गालावरून हात फिरवला. "पुढच्या वर्षी आमची," ती म्हणाली. पुढच्या वर्षी सेविमला हाउप्टशूल मिळाली. दोघी मैत्रिणींची बस वेगळी झाली आणि वर्षभरात जिन्यातलं बोलणंही थांबलं.

दिवाकरना मी काही सांगितलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र वाचलं आणि म्हणाले, "कमाल आहे. देवमाणूस वाटायचा. चांगलं खोटं बोलायचा की!"

"अहो, पुरे," मी म्हणाले. त्यांना वाटलं, नोकरी गेली म्हणून चिडले आहे.

हार्टर पुन्हा शिकवायला लागले. रेक्टर म्हणून त्यांना कुणी घेतलं नाही. शेजारच्या गावच्या हाउप्टशूलमध्ये साधे शिक्षक झाले, पाचवीला जर्मन आणि सुतारकाम शिकवायचे. बाजारात दिसले की टोपी उचलून नमस्कार करायचे. मी भाजीत डोकं खुपसायची.

सहा वर्षं गेली. केतकी सोळा वर्षांची झाली, वर्गात पहिली यायला लागली. त्या जुलैत कुणीतरी म्हणालं, हार्टर या महिन्यात निवृत्त होताहेत. मी पंचांग पाहिलं. गुरुपौर्णिमेला शाळा सुरू होत्या. साड्यांखालची वाटी काढली, दंतमंजनानं घासून लख्ख केली, तीत साखर भरली आणि बस पकडून त्या शाळेत गेले. त्यांचा तास संपला होता. सुतारकामाच्या खोलीत ते एकटेच भुसा झाडत होते.

मी वाटी बाकावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. वाटेत पाठ केलेली सगळी वाक्यं विसरून गेले.

हार्टरनी वाटीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"जुलै," ते म्हणाले. "या वेळी तारीख बरोबर आहे."

मी तिथल्याच एका बुटक्या स्टुलावर बसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"सभेत बोललो तेव्हा नव्हतं. फोग्टचा फोन आल्यावर आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. तुमच्या गुरुजींना फोन करायचा होता, त्यांच्या शेजाऱ्यांकडे, ठरलेल्या वेळी. कारण मीच लिहून घेतलं होतं, 'शिक्षकांना वंदन करायचा दिवस.' नाव लिहिलं नव्हतं, म्हणून आधी लक्षात आलं नाही."

मिरजेच्या आपटे गुरुजींना केलेला तो फोन माझ्या स्वतःच्याही ध्यानातून गेला होता.

"मग तसं निवेदन का दिलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तुमच्यावर खटला झाला असता आणि मुलीचा कागद अडवला गेला असता. मोठ्यांनी केलेल्या गोष्टीचा निकाल दहा वर्षांच्या पोरीच्या कपाळावर लिहायचा? मी आठ वर्षं त्याच्याविरुद्धच भांडत होतो." त्यांनी भुसा सुपलीत भरला.

"आणि बाकीची सगळी मुलं? त्या कायद्याची वाट बघणारी?"

त्यांनी सुपली कोपऱ्यातल्या डब्यात रिकामी केली. "ती आता माझ्या वर्गात येतात," ते म्हणाले. "रोज बघतो त्यांच्याकडे. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग वाटीतली चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"एकतीस तारखेपर्यंत मी सरकारी नोकर आहे. ही घेता येणार नाही."

मी वाटी पर्समध्ये ठेवली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते म्हणाले, "फ्राउ सबनीस, एक विचारू? त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश सांगत होतो. तुम्हाला कळलं होतं का?"

"हो," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर सतरा वर्षांनी हार्टर गेले. त्याच्या थोडं आधी दुसऱ्याच कुणीतरी तो बांधील शिफारशीचा नियम काढून टाकला होता. वर्तमानपत्रात त्यांच्यावर अर्धा स्तंभ आला. सुतार, शिक्षक, आमदार असं सगळं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की १९९३ मध्ये मतदारांशी खोटं बोलल्याची कबुली दिल्यामुळे त्यांची कारकीर्द संपुष्टात आली. चर्चमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पाद्री म्हणाले, कुणाला त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचे असतील तर पुढे यावं. आणि थांबले. चांगले पुष्कळ वेळ थांबले. मी शाल सारखी केली.

घरी येऊन ठरवलं, आता लिहायचंच. त्या वर्तमानपत्राला पत्र लिहायचं म्हणून तीन वेळा जर्मनमध्ये सुरुवात केली. तिन्ही वेळा पहिल्या वाक्याच्या पुढे हात सरकला नाही. केतकी आता त्याच भागात न्यायाधीश आहे. तिच्या कानावर गेलं तर काय, एवढंच मनात येत राहिलं. मग हे असं लिहायला घेतलं आणि झरझर लिहून झालं. सगळं खरं लिहिलं आहे, नावानिशी, तारखांनिशी. होरबाखमध्ये मराठी वाचणारं कुणी नाही. केतकीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.